बुलेटचं हँडल टाकीला लागायचं ते बंद केलं, ९ महिन्यांनंतरचा अनुभव

आप्पांची १९७९ ची बुलेट ३५० आहे, मद्रासवाली, उजव्या पायात गिअर. मागच्या दिवाळीआधी टाकी रंगवून आणली, सोनेरी पट्टे हाताने मारून घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी गेटातून काढताना हँडल पूर्ण डावीकडे वळलं तर मूठ थेट टाकीवर. टवका उडाला. फार जीव हळहळला, कारण ती टाकी आप्पा स्वतः पुसायचे.

कारण शोधलं तर मधल्या काळात मूळ हँडल जाऊन आखूड, खाली वाकलेलं बसलेलं, आणि खालच्या टीचं (पुढचे दोन्ही शॉकप धरून हँडलबरोबर फिरणारा तुकडा) नाक फ्रेमवर जिथे टेकतं ती जागा इतक्या वर्षांत ठोकून ठोकून चेपलेली. म्हणजे हँडल हवं त्यापेक्षा जास्त फिरत होतं. टाकीला रबर चिकटवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं पण मला ते पटलं नाही, वळताना अंगठा टाकी आणि मुठीत अडकला तर गाडी आडवीच होणार.

मी टेकायच्या जागी दोन्ही बाजूंना ४ मिमीच्या लोखंडी पट्टीचे तुकडे गॅसवर पितळेने जोडून घेतले, वेल्डिंग नको म्हटलं कारण पुढेमागे मूळ हँडल मिळालं तर तापवून काढता येतील. हिशोब सोपा आहे, स्टॉप, म्हणजे ही टेकायची जागा, मानेच्या (फ्रेमचा पुढचा भाग, ज्यात हँडल फिरतं) मध्यापासून साधारण ६ सेंमीवर आणि मुठीचा आतला भाग ३२ सेंमीवर, म्हणजे इथले ४ मिमी तिकडे वीसेक मिमी होतात. त्यामुळे आधी जाड ठेवा आणि कानस मारत मारत उतरवा, दोन्ही बाजूंना सारखं टेकलं पाहिजे. आता दोन बोटं जागा राहते.

गॅस लावायचा म्हणजे टाकी, वायरिंग, पुढचं सगळंच उतरवावं लागलं, म्हणून शॉकपचं कामही त्यातच काढलं. एक पाईप काचेवर लोळवला तर मध्ये उजेड दिसत होता, वाकलेलाच होता. दोन्ही नवे टाकले, नवे ऑइल सील, प्रत्येकात २०० मिली तेल. कोन सेट (मानेतलं बेअरिंग, ज्यावर हँडल फिरतं) मात्र एका गॅरेजमध्ये बसवून घेतला तिथे घोळ झाला, बेअरिंगच्या वाट्या तळापर्यंत ठोकल्याच नव्हत्या, २०० किमीत त्या खाली बसल्या आणि ब्रेक मारला की मानेत कट्ट आवाज. परत सगळं खोललं, मग स्वतः बसवलं. पुढचं चाक अधांतरी ठेवून शॉकप खालून मागेपुढे ओढायचे, हलता कामा नये, आणि हँडल मधून सोडलं की आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. दोन्ही जमेपर्यंत नट पाव पाव आटा फिरवत बसलो.

अजून एक, ज्याने माझे दोन रविवार गेले. शॉकप अडखळत होते, सील घट्ट असतील असं वाटलं, पण मी शॉकपच्या तळाशी चाकाचा एक्सल धरणाऱ्या टोप्या आधीच आवळल्या होत्या. त्या सैल केल्या, पुढचा ब्रेक धरून गाडी आठ-दहा वेळा दाबली, शॉकपचे पाय आपापल्या जागी आले, मग आवळल्या. लोण्यासारखे चालायला लागले!

तेव्हापासून ४,००० किमीच्या आसपास झाले, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी चार वेळा, त्यातली एक भर पावसात. चालत्या गाडीला घाटातल्या वळणावर हँडल स्टॉपपर्यंत जातच नाही, त्यामुळे तिथे काहीच फरक नाही. फरक पडतो तो बोळात, आमच्या गल्लीत आधी एका दमात वळायची ती आता एकदा मागे घ्यावी लागते. सवय झाली. फायदा असा की अॅक्सिलरेटरची केबल टोकाला ताणली जाऊन इंजिन आपोआप वाढायचं तेही थांबलं, केबलचा मार्ग बदलायची गरज पडली नाही.

तोटा एकच पण मोठा, आणि तो मला आधी कोणी सांगितला नाही. हँडल लॉक लागत नाही. लॉकची दांडी आधीच्या पूर्ण वळलेल्या जागीच भोकात जायची, आता हँडल तिथवर पोचतच नाही. तुम्ही करणार असाल तर पट्ट्या जोडायच्या आधी किल्ली फिरवून बघा. मी सध्या पुढच्या चाकात साखळी घालतोय, आणि डावी पट्टी मिलिमीटरभर उतरवून लॉक आणि टाकी दोन्ही सांभाळता येतात का ते पाऊस उघडला की बघणार आहे.