थंड इंजिनाची चढलेली रेस आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर

इंजेक्शनची (म्हणजे कार्बुरेटर नसलेली) मोटरसायकल स्वतः बघणाऱ्याकडे ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून तिच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, असायलाच हवा, असं माझं ठाम मत झालंय. एरर कोड (गाडीनं नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचण्यापुरता घेणार असाल तर मात्र निराशाच पदरी पडेल. मला त्याचा खरा उपयोग झाला तो लाइव्ह डेटाचा, म्हणजे सेन्सरच्या त्या क्षणीच्या आकड्यांचा.

माझ्या गाडीचं दुखणं असं: थंड असताना स्टार्ट केली की रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अडीच हजाराच्या वर, आणि ती खाली यायचं नाव घेत नाही. थंड इंजिनाचं आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न देतानाची रेस, चढं असणं बरोबरच आहे. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिनाचं तापमान बघून पेट्रोल आणि हवा दोन्ही जास्त सोडतो. बऱ्याच गाड्या सुरुवातीला १८००-२००० वर असतात आणि तापल्या की १३००-१५०० च्या आसपास स्थिरावतात. माझी मात्र तापून हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) हात लावता येईना तरी तशीच ओरडत होती. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली, फरक पडला नाही, मग आयडलची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह बदला म्हणाले. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवायची तयारी चालली होती, त्याला मी हात लावू दिला नाही. तो कारखान्यातून सेट होऊन येतो. तो हलला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं गणितच बिघडतं.

स्कॅनर लावला तर कोड शून्य. पण गाडी रात्रभर उभी होती, म्हणून इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करून दोन आकडे बघितले. आत येणाऱ्या हवेचं तापमान २४ अंश, इंजिनाचं १५. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखेच यायला हवेत. नऊ अंशांचा फरक म्हणजे कुठेतरी खोटं बोललं जातंय. सुरू केल्यावर तर कळसच झाला: हेड चटके देतंय आणि स्क्रीनवर आकडा चाळिशीच्या पुढे सरकत नाही. ईसीयूच्या लेखी इंजिन अजून गारच, मग तो रेस कशाला उतरवेल?

इंजिनाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना जास्त आणि तापला की कमी असतो. वाटेत वायर जोडणाऱ्या कनेक्टरनं स्वतःचा रेझिस्टन्स घातला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा गार दिसतं, आणि इंजिन जितकं तापेल तितकी ही चूक मोठी होत जाते. १५ अंश ही अशक्य गोष्ट नसल्यामुळे कोडही पडत नाही. वायर पूर्ण तुटली असती तर आकडा उणे तीस-चाळीसला गेला असता आणि बहुधा कोडही पडला असता. कनेक्टर काढला तर एका पिनेवर हिरवा गंज चढलेला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशनं पिना घासल्या. पुन्हा जोडला तर दोन्ही आकडे २४, आणि इंजिन तापत गेलं तशी रेस शहाण्यासारखी खाली आली. व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च वाचला.

माझी गाडी ऑइल-कूल्ड आहे. लिक्विड-कूल्ड गाडीत हीच खराबी जास्त धोक्याची, कारण ईसीयूला इंजिन गार दिसलं तर पंखाच लागणार नाही. तिथे सकाळचे दोन्ही आकडे जुळतात पण चालवताना तापमान चढत नाही, असं दिसलं तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का ते आधी बघा.

तक्रारी आहेतच. गाडीवरच्या लाल ६ पिनी सॉकेटसाठी जोडकेबल वेगळी घ्यावी लागते. ॲपवरचे आकडे रेंगाळत बदलतात, त्यामुळे क्षणभर येऊन जाणारा बिघाड निसटतो. जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांशी बोलेलच असं नाही, तेव्हा आपल्या मॉडेलला चालतो का ते घेण्याआधी तपासा. कार्बुरेटरच्या गाडीला तर काहीच उपयोग नाही. तिथे चोकची केबल पूर्ण परत येते का हेच बघायचं.

आणि ॲक्सिलरेटर केबलचा दोष हा स्कॅनर सांगणार नाही. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा; रेस चढली तर त्या केबलला प्ले (ढिलेपणा) उरलेला नाही किंवा ती कुठेतरी ओढली जातेय. इनटेकच्या रबराला तडा गेलाय का, हेही डोळ्यांनीच बघावं लागतं.

काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही तो बॅटरी खात राहतो.