स्प्रिंकलरची वार्षिक देखभाल : व्हॉल्व्ह उघडून पाहणारी सेवा

ठाण्यातील आमच्या सोसायटीची इमारत चौदा मजल्यांची आहे. खाली वाहनतळ, तळमजल्यावर नऊ दुकाने (त्यांपैकी एक उपाहारगृह) आणि वर घरे अशी तिची रचना आहे. या संपूर्ण इमारतीच्या स्प्रिंकलर यंत्रणेची (आग लागल्यास छतावरून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची) देखभाल गेल्या दीड वर्षापासून एक परवानाधारक संस्था करत आहे. सोसायटीचा सचिव या नात्याने मी तिच्या प्रत्येक भेटीला हजर राहिलो आहे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजेच सर्वजण ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात ते, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाकडे सादर करावे लागते. आमच्या आधीच्या संस्थेकडून हा कागद दर वेळी बिनचूक येत असे. त्यांचा माणूस पंपघरातील दाबमापक पाहून, जिन्यातील आग विझवण्याच्या सिलिंडरांवर नव्या तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवून तासाभरात निघून जाई आणि आम्हीही निर्धास्त राहत असू. ही निर्धास्ती किती पोकळ होती, हे नव्या संस्थेच्या पहिल्याच भेटीत उघड झाले.

त्यांचा तंत्रज्ञ आधी पंपघरात न जाता थेट चौदाव्या मजल्यावर गेला आणि पाइपलाइनच्या टोकाला असलेला चाचणी व्हॉल्व्ह त्याने उघडला. या व्हॉल्व्हचे तोंड एका स्प्रिंकलरच्या तोंडाएवढेच असते, त्यामुळे तो उघडणे म्हणजे त्या मजल्यावर एक स्प्रिंकलर फुटल्यासारखेच असते : दाब उतरला पाहिजे, आधी जॉकी पंप (पाइपांतील दाब टिकवणारा छोटा पंप) आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि घंटा वाजली पाहिजे. प्रत्यक्षात आधी हवेचे उसासे आले, मग बादलीत लोखंडाचा वास असलेले काळे पाणी पडले, आणि दाब उतरत गेला तरी मुख्य पंप सुरूच झाला नाही, कारण त्याच्या पॅनेलवरील खटका ‘मॅन्युअल’वर ठेवलेला होता. सहाव्या मजल्यावर तर तांब्याभर पाणी येऊन धार थांबली. त्या भेटीच्या दोन दिवाळ्यांआधी एका सदनिकेत गळती झाली तेव्हा बंद केलेला त्या मजल्याचा व्हॉल्व्ह पुन्हा कोणी उघडलाच नव्हता. त्या मजल्यावर चार घरांत लहान मुले आहेत आणि दोन वर्षे त्यांच्या डोक्यावरचे स्प्रिंकलर कोरडे होते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. संस्थेने त्याच दिवशी सर्व मजल्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून त्यांना साखळी व कुलूप लावले आणि किल्ल्यांची नोंदवही सुरक्षारक्षकांकडे दिली. माझ्या मते संपूर्ण कराराचे मोल या एका कामात वसूल झाले.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या शंकानिरसनाची. देवघरातील धुपाने किंवा फोडणीच्या धुराने साऱ्या घरात पाणी होईल, या भीतीने दोघा-तिघांनी स्प्रिंकलरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. तंत्रज्ञाने सर्वांना गच्चीवर बोलावले आणि काढून आणलेला एक जुना स्प्रिंकलर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला. त्यातील लाल द्रव भरलेली काचेची नळी काही क्षणांतच टिचकन फुटली. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. धुराशी तिचा संबंध नसतो, आणि जी नळी तापते तेवढाच स्प्रिंकलर उघडतो, संपूर्ण मजल्याचे नव्हेत. नेहमीच्या स्प्रिंकलरमधून एक बार (दाबाचे एकक) इतक्या दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडते. अग्निशमन दलाच्या होजपाइपाच्या तुलनेत हे नुकसान फारच थोडे. त्याच संध्याकाळी पिशव्या उतरल्या.

रंगकाम करताना ३१ स्प्रिंकलरवर डिस्टेंपर चढला होता. रंगाच्या थरामुळे नळी उशिरा तापते, आणि तो खरवडून काढणे धोक्याचे असते. असे स्प्रिंकलर बदलावेच लागतात, आणि ते बदलले गेले. उपाहारगृहातील भट्टीजवळ लाल नळीऐवजी ९३ अंशांची हिरवी नळी बसवली, कारण नळी फुटण्याचे तापमान त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा किमान ३० अंशांनी जास्त असावे लागते. कढईतील तेल पेटल्यास मात्र स्प्रिंकलरवर विसंबू नये, त्यासाठी चिमणीखाली वेगळी रासायनिक यंत्रणाच हवी, असे त्यांनी मालकाला लेखी कळवले. ज्या कामाचे पैसे त्यांना मिळणार नव्हते त्याबद्दलही त्यांनी स्पष्ट सांगितले, हे मला विशेष आवडले.

माझी बहीण कॅलिफोर्नियात राहते. तिथे २०११ पासून नव्या घरांत, अगदी स्वतंत्र बंगल्यांतही, स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. तिच्या घरातील यंत्रणा नळाच्याच पाण्यावर चालते आणि साधारणपणे दोन स्प्रिंकलर दहा मिनिटे चालतील एवढ्या बेताने आखलेली असते, कारण घरातील माणसे सुखरूप बाहेर पडावीत एवढाच तिचा हेतू असतो. आमच्यासारख्या इमारतीत टाकी, पंप आणि मजल्यामजल्याचे व्हॉल्व्ह अशी लांब साखळी असते, त्यामुळे तिची कडी कुठे तुटली आहे हे नुसते छताकडे पाहून कळत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवाल केवळ इंग्रजीत येतो, त्यामुळे ज्यांनी रात्री पंपघर सांभाळायचे त्या सुरक्षारक्षकांना तो वाचता येत नाही. मराठी तक्ता आम्हीच तयार करून भिंतीवर लावला. डिझेल पंपाची बॅटरी बदलायला त्यांनी तीन आठवडे घेतले, ही दिरंगाई मला मान्य नाही. दर आधीच्या संस्थेपेक्षा जवळपास दुप्पट आहे, आणि त्यावरून सर्वसाधारण सभेत बराच वाद झाला. त्या सभेत मी सहाव्या मजल्याचा फोटो दाखवला आणि ठराव मंजूर झाला.

कापडाच्या दुकानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिथे फॉल्स सीलिंग नंतर बसवल्यामुळे स्प्रिंकलर त्याच्या वर झाकले गेले आहेत आणि कपड्यांचे गठ्ठे थेट छतापर्यंत रचलेले असतात. स्प्रिंकलरखाली जवळजवळ अर्धा मीटर मोकळी जागा नसेल तर पाण्याची छत्री उघडतच नाही. संस्थेने त्या दुकानाची नोंद अपूर्ण म्हणून केली आहे आणि स्प्रिंकलर खाली उतरवल्याशिवाय जुलैच्या फॉर्म बीवर सही करणार नाही, असे दुकानदाराला लेखी कळवले आहे. मी करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवण्याची शिफारस समितीकडे केली आहे.