आंबवलेलं तेल: घरच्या बरणीतलं की विकतच्या बाटलीतलं?

वेंगुर्ल्यासारख्या दमट गावात राहून मी दोन्ही वापरली आहेत. घरी नारळाचा रस आंबवून काढलेलं तेल दोन पावसाळे चेहऱ्याला लावलं, आणि गेलं दीड वर्ष आंबवलेल्या तेलाच्या अर्काचं कोरियन सीरम लावतोय. दोघांच्या नावात आंबवणं असलं तरी गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आपण तेल आंबवतच नाही, आंबवतो तो रस. जिवाणूंच्या आंबटपणामुळे रसातली प्रथिनं फाटतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं तेल सुटं होतं. तेल जवळपास आहे तसंच राहतं: निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल हे मेदाम्ल, आणि पारा २४ अंशांच्या खाली गेला की गोठायला सुरुवात. बाटलीतल्या प्रकारात मात्र यीस्टला तेलच खायला घालतात. स्यूडोझायमा एपिकोला हे त्यातलं नेहमी दिसणारं नाव, आणि तेल कॅमेलिया या फुलझाडाच्या बियांचं, ऑलिव्हचं, सूर्यफुलाचं. यीस्ट तेलाचे मोठे रेणू तोडते, मग ते गाळून घेतात. हाताला फरक लगेच जाणवतो, घरचं तेल त्वचेवर बसून राहतं, हे मुरतं.

तरी माझं मन घरच्याकडेच होतं. तीन बाणवली नारळ विळीवर खोवायचे, रस पिळून बरणीत झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वर सायीसारखा थर, त्याखाली नितळ तेल, तळाला गढूळ आंबट पाणी. पळीने ते तेल उचलताना जो ओल्या खोबऱ्याचा वास येतो, तो कुठल्याही बाटलीत मिळणार नाही.

अडलं ते पळीपाशीच. कितीही जपून काढलं तरी तेलाबरोबर पाण्याचा एखादा थेंब येतोच. वैशाखात चालून जातं. आषाढात आठ-दहा दिवसांत तेल बिघडायला लागतं, आणि बरणीला नाक लावून ते कळत नाही. कळतं रात्री, चेहऱ्याच्या उबेने उशीच्या अभ्र्यात आंबूस वास उतरतो तेव्हा. बायकोने एकदा झोपेतून उठून विचारलं, "इथे ताक सांडलंय का?" अभ्रा गरम पाण्यात भिजवून दोनदा धुतला, वास गेला नाही. त्यावर उपाय आहे: मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तेल तापवायचं. तेल टिकतं, पण ओल्या खोबऱ्याचा तो वास जातो. मग रस उकळूनच तेल काढलेलं काय वाईट?

सीरमने अभ्रा खराब झाला नाही. झोपायच्या आधी ओलसर चेहऱ्यावर तीन थेंब लावतो, सकाळी गाल मऊ असतात आणि घामाबरोबर काही ओघळत नाही. माझी त्वचा मिश्र आहे, कोरड्या त्वचेला कदाचित घरचंच बरं वाटेल. किंमत मात्र नारळाच्या कितीतरी पट, आणि फसगतही तिथेच. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात असते, पण एक टक्क्याखाली कोणताही क्रम चालतो. आंबवलेलं तेल सुगंधाच्याही मागे, यादीच्या शेपटाला असेल तर ते जवळजवळ नावापुरतंच समजावं. मी पहिली बाटली अशीच घेतली होती.

कपाळावर केसांच्या कडेने बारीक खाजरं पुरळ येत असेल तर मी दोन्ही टाळायला सांगेन. असं पुरळ अनेकदा त्वचेवरच्या मॅलसेझिया नावाच्या यीस्टमुळे येतं. ही यीस्ट तेलातल्या मेदाम्लांवरच जगते आणि आंबवल्याने मेदाम्लं संपत नाहीत. इतरांनी आधी कानामागे तीन-चार दिवस लावून बघावं.

घरी रस अजून आंबवतो, पण मार्गशीर्षात, हवा कोरडी झाल्यावर, आणि ते तेल टाचांना व मुलीच्या केसांना जातं. चेहऱ्यासाठी सीरमची नवी बाटली गेल्या महिन्यात मागवली.