निसर्गप्रेमी संस्थेचा मेळावा: मुक्कामी की एका सकाळचा?

सभासद वाढवायचे असतील तर एका सकाळचा मेळावा बरा. उजाडताच जमायचं, पक्षी बघायचे, ऊन तापलं की फुलपाखरं, आणि दुपारच्या आत घरी. आजी-आजोबा येतात, लहान मुलं येतात, ‘बघू जमलं तर’ म्हणणारेही येतात. अडचण एकच, अर्धी जीवसृष्टी तेव्हा झोपलेली असते.

जागेतल्या जीवसृष्टीच्या नोंदी हव्या असतील तर मात्र मुक्कामाला पर्याय नाही. 1996 साली वॉशिंग्टनमध्ये पहिला ‘बायोब्लिट्झ’ (ठरलेल्या वेळात एका जागेतल्या जमतील तितक्या जीवजाती नोंदवण्याचा उपक्रम) झाला, तोही त्यामुळेच सलग 24 तासांचा. रात्री दोरीवर पांढरी चादर ताणायची, समोर अतिनील दिवा लावायचा आणि गप्प बसायचं. अमावास्येच्या आसपास पतंगांची, म्हणजे दिव्याकडे येणाऱ्या रात्रीच्या कीटकांची, गर्दी जास्त होते, तेव्हा तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये सुट्टीआधी चंद्र बघा. दिवा रात्रभर ठेवू नका. चादरीवरचे पतंग उजाडण्याआधी हलक्या हाताने झुडपात सोडा, नाहीतर पहाटे पक्ष्यांना आयती मेजवानी मिळते.

मुक्कामाचा व्याप मोठा हे खरंच. जागेची लेखी परवानगी, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार, रात्री जागणारा एक जबाबदार माणूस. हे चारही जमत नसेल तर सकाळच धरा.

हिशेब, ठराव, पदाधिकारी निवड वगैरे सकाळच्या मेळाव्यात अगदी शेवटी, मुक्कामात भर दुपारी उरका. तेव्हा पक्षीही फारसे दिसत नाहीत.