बाल्डर्स गेट: आधी तिसरा घ्यावा की पहिला?

परळला मित्राच्या घरी आम्ही रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर लढाया आणि साहसं खेळायचा टेबलावरचा खेळ. दिवाणावर कागदी नकाशा, गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या आणि सगळ्यांत मिळून वीस बाजूंचा एकच फासा. ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीने परवा विचारलं, "दादा, हेच पीसीवर खेळायचं तर कुठला गेम घेऊ?" तिच्यासारखे बरेच जण असतील, म्हणून याच खेळावर बेतलेल्या बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेमांबद्दल सविस्तर लिहितोय.

1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स निघाला तो छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांतून. राउंड (लढाईची एक फेरी), आर्मर क्लास (वार लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा) हे सगळं तिथलंच. प्रश्न एवढाच, की कॉम्प्युटर त्या राउंडचं काय करतो.

बाल्डर्स गेट 3 (2023) राउंड जसाच्या तसा ठेवतो. ज्याची पाळी तोच हलतो: एक अॅक्शन, एक बोनस अॅक्शन (छोटी जादा कृती), ठरावीक चाल. शत्रूवर कर्सर नेला की नेम लागण्याची टक्केवारी दिसते. समजा त्याचा आर्मर क्लास 15 आणि तुमच्या फाशात मिळवायचे अधिक 5. म्हणजे फाशावर 10 किंवा जास्त हवेत, 55 टक्के. तेच लपून बाण मारला तर दोन फासे पडतात, मोठा धरायचा, आणि आकडा थेट 80 च्या आसपास जातो. टेबलावर "मी आधी खांबाआड जातो" म्हणणाऱ्याला त्याच्या हुशारीचं फळ इथे डोळ्यांसमोर मिळतं. मला हा गेम आवडतो तो यासाठी.

पहिला बाल्डर्स गेट (1998) नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीचे घेतो, पण पाळी कोणाचीच नसते. प्रत्येकाचा सहा सेकंदांचा राउंड आपापला चालू असतो. तुम्ही स्पेसबार दाबून सगळं थांबवायचं, आपल्या टोळीतल्या सहा जणांना हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. फासे आतल्या आत पडतात. फायरबॉलचा (आगीच्या गोळ्याचा) मंत्र पुटपुटेपर्यंत शत्रू धावत येऊन तुमच्याच माणसांत मिसळलेला असतो आणि स्फोटात सगळेच भाजतात. लढाईतला तो गोंधळ टेबलावर कधीच जाणवत नाही, इथे जाणवतो. मात्र आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला, हे उलटं गणित नवख्याला छळतं, आणि पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) एका बाणात मरतो.

पाथफाइंडर: रॅथ ऑफ द रायटियस (2021) या तशाच दुसऱ्या गेममध्ये पाळीची आणि थांबवत खेळायची, दोन्ही पद्धती आहेत, खेळताना बदलताही येतात. पण नियमांचं ओझं इतकं, की सुरुवातीला तो नकोच.

आता रोजच्या सोयीचं. लोकलने घरी पोचून रात्री तासभरच मिळत असेल, तर बाल्डर्स गेट 3 मध्ये भर लढाईत सेव्ह करता येतं, पहिल्यात नाही. उलट तिसऱ्याला 150 जीबी जागा लागते. पहिल्याची सुधारित आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालते, फोनसाठीही निघाली आहे.

टेबलावरून येणाऱ्याने मशीन झेपत असेल तर तिसराच घ्यावा, हे माझं ठाम मत. तिलाही तेच सांगितलं. फक्त घेतल्यावर सेटिंगमधलं कार्मिक डाइस बंद करा. ते मुळात चालू असतं आणि सलग वाईट फासे पडू देत नाही; दिवाणावर पडतो तसा फासा ते बंद केल्यावरच पडतो.