शिफ्टसाठी घ्या, टिल्टसाठी नको: कॅनन टीएस-ई २४ मिमी, दुसरी आवृत्ती

उंच इमारत मावत नाही म्हणून कॅमेरा थोडा वर केला की इमारत मागे रेलते. सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, एवढेच त्यामागचे कारण. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण तेव्हा ताणला जातो तो नेमका माथा, म्हणजे घुमट, कंगोरे, कोरीवकाम. शिवाय दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापावे लागतात ते वेगळेच. २००९ साली आलेली ही लेन्स सेन्सर उभा ठेवते आणि स्वतःच १२ मिमीपर्यंत सरकते, यालाच शिफ्ट म्हणतात. कॅमेरा सरळ, इमारत सरळ.

१२ मिमी म्हणजे किती, याचा हिशेब फुलफ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सरवर सोपा आहे. आडव्या फ्रेममध्ये पूर्ण शिफ्ट वर दिला की क्षितिजरेषा तळाच्या कडेला टेकते, आणि तुम्ही जितके मीटर लांब उभे असाल तितकीच उंची कॅमेऱ्याच्या पातळीवर मावते. उभ्या फ्रेममध्ये अंतराच्या सव्वापट. मुंबईचा राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर उंच, म्हणजे उभ्या फ्रेमसाठी किमान ६७ मीटर मागे जावे लागते. समोर ओव्हल मैदान असल्याने तेवढी जागा मिळते, फक्त कडेची झाडे आड येणार नाहीत अशी फट शोधा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणून ऊन दुपारनंतरचे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात मात्र मागे सरायला जागाच नाही. तिथे हिचीच जास्त रुंद दृश्य घेणारी १७ मिमीची बहीण लागते आणि तिच्या फुगीर काचेवर साधा फिल्टर बसत नाही. वरच्या कड्यावरून कैलासचे शिखर घेताना हीच २४ मिमी उलटी वापरा: कॅमेरा पातळीत, शिफ्ट खाली.

क्रम चुकला तर सगळे फसते. आधी ट्रायपॉडवर कॅमेरा पातळीत आणा, डावी-उजवी आणि पुढे-मागे दोन्ही. एक अंशाची चूक गावातल्या साध्या फोटोत खपते, इथे सगळ्या उभ्या रेषा चुगली करतात. मग शिफ्ट शून्यावर असतानाच एक्स्पोजर मोजून मॅन्युअलवर पक्के करा, कारण डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) मीटर सरकवलेल्या लेन्सवर चुकीचे आकडे सांगतो. मिररलेसवर ही अडचण फारशी नाही. त्यानंतर शिफ्ट द्या आणि स्क्रीनवर १० पट मोठे करून फोकस पुन्हा बघा. ऑटोफोकस नाहीच. एफ/३.५ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना, पूर्ण शिफ्टमध्ये कोपरे काळवंडतात. एफ/८ ते एफ/११ हीच कामाची जागा. इमेज सर्कल, म्हणजे लेन्स आत टाकते ते चित्राचे वर्तुळ, ६७.२ मिमीचे आहे, आणि उभ्या फ्रेमचा दूरचा कोपरा मध्यापासून ३२ मिमीवर जातो, म्हणजे जवळपास काठावर. जाड रिंगचा ८२ मिमी फिल्टर लावलात तर तोच कोपरा आधी कापला जातो.

खूप उंच इमारत शंभर टक्के सरळ केली की डोके जड वाटते, जणू वर रुंद होत गेलीय. कॅमेरा केसभर वर ठेवून थोडी निमुळती राहू द्यावी.

आता टिल्ट, म्हणजे लेन्स सेन्सरशी तिरकी करून फोकसचा पट्टा जमिनीलगत झुकवणे. निसर्गचित्रणासाठी ही लेन्स घ्या असे सुचवणारे बहुतेक जण टिल्टच्या नावानेच सुचवतात, आणि तिथेच आमचे मत वेगळे आहे. २४ मिमीला एफ/११ वर पावणेदोन मीटरवर फोकस केला की सुमारे ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. म्हणजे टिल्टची गरज फूल त्याहून जवळ असेल तरच. कासच्या पठारावर कॅमेरा जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर पावणेतीन अंश टिल्ट पुरतो, दीड मीटरवर असेल तर एक अंशही जास्त होतो. लेन्सवरच्या खुणा एकेका अंशाच्या, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक सहज होते. शिवाय स्पष्ट भाग पाचरीच्या आकाराचा असतो, कॅमेऱ्याजवळ पातळ आणि दूर जाड. गेंदाची बुटकी फुले पसरलेली असतील तर छान, पण पुढ्यात टोपली कारवीचे झुडूप आले की त्याचा शेंडा पुसट झालाच. वाऱ्यासाठी शटर १/२५० ठेवावे लागते, ते निराळे. शून्यावर टिल्ट अडकवणारी खिट्टी आहे. इमारतींच्या कामात ती लावूनच ठेवा, नाहीतर पिशवीतून काढताना टिल्ट हलतो आणि फोटोची एक बाजू का मऊ आली हे घरी गेल्यावर कळते.

टिल्ट आणि शिफ्टच्या दिशा एकमेकींपासून स्वतंत्र फिरवता येतात, ही १९९१च्या जुन्या आवृत्तीवरची खरी सुधारणा. तिथे त्यासाठी स्क्रू खोलावे लागत.

रुंद चित्र हवे तर शिफ्ट डावीकडे, मध्ये, उजवीकडे देऊन तीन फोटो जोडा. ६० बाय २४ मिमीचे चित्र मिळते. खांब किंवा कठडा जवळ असेल तर लेन्स जितकी सरकली तितकाच कॅमेरा उलट दिशेला सरकवा, नाहीतर जोड फाटतो.

वजन ७८० ग्रॅम. पाण्याधुळीपासून संरक्षण नाही, म्हणून सह्याद्रीच्या पावसात ही पिशवीतच. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते आणि ट्रायपॉडशिवाय या लेन्सचा अर्धा उपयोग जातो, तेव्हा परवानगी आधी, लेन्स नंतर. वर्षातून चार इमारती टिपणाऱ्याने ती दोन दिवस भाड्याने आणावी. इंटिरियर आणि वास्तूंवरच पोट असेल तर विकत, आणि वापरलेली चालेल: बिघडायला आत मोटर नाही, फक्त शिफ्टचा स्क्रू घट्ट बसतो का ते उभा कॅमेरा धरून तपासा.