आंतरराष्ट्रीय कर: पुण्यात वकिली की कंपनीत नोकरी?

वकिलीत हातात येतो तो ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे एकाच समूहातल्या देशी-परदेशी कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमतींबद्दलचा, आयकर खात्याचा मसुदा आदेश. डीआरपीकडे (खात्याच्या वाद निवारण समितीकडे) जायचं, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत हरकती गेल्याच पाहिजेत. घोडं अडतं ते तुलनीय कंपन्यांच्या यादीवर, म्हणजे ज्यांच्या नफ्याशी आपल्या अशिलाचा नफा ताडून पाहतात त्या कंपन्यांवर. मूळ कंपनीसाठीच कोड लिहिणाऱ्या कंपनीशेजारी स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी बसवली की नफ्याची सरासरी फुगते आणि अशिलाचा करही. एकेक वार्षिक अहवाल उघडायचा, काम-मालमत्ता-जोखीम तपासायची आणि ते नाव यादीतून काढायला लावायचं. आयकर न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे. उच्च न्यायालयासाठी मात्र मुंबई, आणि तिथे सीए चालत नाही, सनदच लागते. पहिली चार-पाच वर्षं वकिलीतच काढावीत, असं आम्ही आग्रहाने सांगू.

नोकरीत काम वादाच्या आधीचं. चाकणच्या कारखान्याने परदेशी तांत्रिक सेवेचं बिल भरलं, तर टीडीएस किती? भारताच्या अमेरिकेशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात अशा सेवेवर कर लावायला ज्ञान हस्तांतरित झाल्याची अट आहे, जर्मनीच्या करारात नाही. तिथे 10 टक्के कापायचे. टीआरसी (परदेशी कंपनी त्या देशाची करदाता रहिवासी असल्याचा दाखला) पेमेंटआधी मागवा, नंतर कोणी धाडत नाही. पगार वेळेवर, पण पूर्णवेळ नोकरी धरताना बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवल्याचं कळवावं लागतं. अनेकजण हे विसरतात.